गिरणीचे दार आणि न्यायालयाचे दार : मुंबईतील कामगारांची बेकायदेशीर बडतर्फी व तिच्यावरील दाद (१८५९ ते २०२५)

प्रस्तावना

भारतातील कामगार चळवळीच्या इतिहासलेखनात संप, वेतनवाढ, बोनस, कामाचे तास आणि राजकीय पक्षांचे कामगार संघटनांवरील वर्चस्व या विषयांना मोठे स्थान मिळाले आहे. त्या मानाने एका कामगाराला कामावरून काढून टाकणे ही घटना इतिहासाच्या कक्षेबाहेरच राहिली. ती वकिलांची आणि कामगार कायद्याच्या पाठ्यपुस्तकांची बाब मानली गेली. वस्तुतः मुंबईच्या गिरणगावातील अनेक लहानमोठ्या संपांच्या मुळाशी कोणाला तरी कामावरून काढल्याची तक्रार होती. मालकाला काढण्याचा अधिकार कोठवर आहे, त्या अधिकाराचा गैरवापर झाल्यास दाद कोणाकडे मागावयाची आणि दाद मिळाली तरी ती नोकरीच्या रूपाने मिळणार की चार पैशांच्या रूपाने, या तीन प्रश्नांची उत्तरे दीडशे वर्षांत पुष्कळ बदलली. प्रस्तुत लेखात मुख्यतः मुंबईच्या संदर्भात या बदलांचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

काम सोडणे हा गुन्हा, काढणे हा हक्क

मुंबईतील पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केली व १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८५९ मध्ये, कामगारांच्या करारभंगाविषयीचा कायदा झाला. कलकत्ता, मद्रास व मुंबई या शहरांतील कारागीर, कामकरी व मजूर यांनी आगाऊ रक्कम घेऊन काम सोडल्यास मॅजिस्ट्रेटने त्यांना रक्कम परत करण्याचा अथवा काम पूर्ण करण्याचा हुकूम द्यावा, आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची शिक्षा द्यावी, अशी त्यात तरतूद होती. मालकाने कराराची मुदत संपण्यापूर्वी मजुराला हाकलले तर मात्र मॅजिस्ट्रेट मालकाला तुरुंगात धाडीत नसे. एकाच कराराच्या दोन पक्षांपैकी एकाचा भंग फौजदारी आणि दुसऱ्याचा फार तर दिवाणी, अशी ही रचना होती. हा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्यात आला व १९२६ पासून त्याचा अंमल संपला. म्हणजे गिरणी उद्योगाच्या पहिल्या सत्तर वर्षांत हा कायदा पुस्तकावर कायम होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

दिवाणी मार्गही नावापुरताच होता. सेवेच्या कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी न्यायालय करवून घेणार नाही, हे इंग्रजी विधितत्त्व १८७७ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याने येथे आणले. नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात बांधता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा खटला जिंकला तरी पदरात पडावयाचे ते नोटिशीच्या मुदतीचे वेतन. बारा तास साच्यावर उभा राहणारा मजूर त्यासाठी वकील करून कोर्टाची पायरी चढेल, ही कल्पनाच अवास्तव होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची जी सभा भरली, तिच्या मागण्या या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि कामावर जायबंदी झालेल्यास भरपाई, अशा त्या पाच मागण्या होत्या. बडतर्फीविषयी त्यांत एक शब्दही नाही. याचा अर्थ कामगारांना कोणी काढीत नव्हते असा मुळीच नाही. एका गिरणीतून काढलेला कामगार ओळखीच्या जॉबरमार्फत दुसऱ्या गिरणीत चिकटे, नाहीतर कोकणात वा घाटावर आपल्या गावी जाई. नोकरी ही आपली आहे आणि ती कोणीतरी हिरावून घेतली, ही जाणीव निर्माण होण्यास नोकरी कायम असावी लागते. ती अद्याप तशी झालेली नव्हती.

जॉबर आणि बदली

काढण्याची खरी सत्ता कागदोपत्री व्यवस्थापकाकडे, परंतु प्रत्यक्षात जॉबरकडे होती. भरती तोच करी, कामावर देखरेख तोच ठेवी, रजेच्या वेळी बदली माणूस तोच उभा करी आणि या सर्वांची दस्तुरीही तोच घेई. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने आपल्या १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली व भरती आणि बडतर्फी यांचा अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावा असे सुचविले. जॉबरच्या सत्तेचे चित्र मात्र एकरंगी रंगविणे योग्य नव्हे. मॉरिस डी. मॉरिस यांनी आपल्या १९६५ च्या ग्रंथात जॉबरला भरतीव्यवस्थेचा कणा मानले, तर राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये जॉबर हा वस्तीतील नातीगोती, भाडेकरू, उसनवारी व आखाडे यांच्या जाळ्यात किती अडकलेला होता हे दाखवून दिले. जो जॉबर मनमानी करून माणसे काढी, त्याला त्याच चाळीत राहावे लागे. यापैकी चंदावरकरांचे विवेचन गिरणगावच्या वास्तवाला अधिक जवळचे वाटते. न्यायालय नव्हते त्या काळात शेजाऱ्यांचा दबाव हीच कामगाराची दाद होती. मात्र ती ज्याची वस्तीत पत आहे त्यालाच मिळे. गावाहून नुकताच आलेला, जातीने खालचा मानलेला अथवा एकटा राहणारा कामगार तिच्यापासून वंचितच राही.

मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धत सुरू केली. ठरावीक बदली कामगारांना कार्डे देऊन रोज सकाळी त्यांतूनच माणसे घ्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. जॉबरच्या लहरीला त्यामुळे काही अंशी आळा बसला. परंतु त्याच वेळी, वर्षानुवर्षे दारात उभा राहूनही कायम न होणारा कामगार ही श्रेणी अधिकृत झाली. बदली कामगाराला काढण्याची गरजच नसते, त्याला बोलावले नाही की पुरे. पुढे कायद्याने बडतर्फीला जे जे निर्बंध घातले, त्यांतून निसटण्याची वाट येथेच तयार झाली होती, असे म्हणावे लागेल.

१९२९ चा संप आणि चौकशीचा निष्फळ मार्ग

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळातील सार्वत्रिक संपानंतर फॉसेट समिती नेमली गेली. तिने वेतनाबरोबरच गिरण्यांच्या स्थायी नियमांचाही विचार केला. नोटीस कोणी किती द्यावी, गैरवर्तन कशाला म्हणावे आणि हजेरीचे नियम कोणते असावेत, या गोष्टी प्रथमच उभयपक्षी चर्चेच्या विषय झाल्या. पण समितीचा अहवाल येतो न येतो तोच, २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी गिरणी कामगार युनियनचे प्रमुख पुढारी पकडले गेले, आणि २६ एप्रिलपासून दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला. त्याचे मुख्य कारण म्हणजे वाडिया समूहाच्या गिरण्यांत युनियनच्या कामगारांना सूडबुद्धीने बाहेर ठेवले जात असल्याची तक्रार.

त्याच वर्षी झालेल्या व्यापार-तंटे कायद्याखाली न्यायमूर्ती पिअर्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी न्यायालय बसले. त्याने दोष युनियनच्या माथी मारला आणि संप विरला. निष्कर्ष बरोबर होता की चूक, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. चौकशी न्यायालयाने कामगारांची बाजू उचलून धरली असती तरीही एकाही कामगाराला परत घेण्याचा आदेश ते देऊ शकत नव्हते. ते केवळ मत देऊ शकत होते. सामूहिक शक्ती खर्च करून मिळवावयाचे ते एवढेच, हे कळण्यास गिरणगावाला फार मोठी किंमत मोजावी लागली.

मुंबई प्रांताच्या १९३४ च्या समेट कायद्याने सरकारी कामगार अधिकारी नेमला. १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटे कायद्याने औद्योगिक न्यायालय स्थापन केले व स्थायी आदेश नोंदविणे सक्तीचे केले. त्याच कायद्याने संपावर कडक बंधने घातल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडविला. विरोध सर्वथा रास्त होता. तरीही त्याच कायद्यातील स्थायी आदेशांची तरतूद कामगाराच्या हिताची ठरली, ही त्यातील गुंतागुंत. पुढे आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना या दिशेने झालेल्या कामाची परिणती १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्यात झाली. कोणत्या कृत्याला गैरवर्तन म्हणावयाचे हे आधी लिहून ठेवले पाहिजे आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, ही आज साधी वाटणारी गोष्ट तेथे देशव्यापी झाली. शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरतीच ती होती, हे खरे.

पुन्हा कामावर : १९४९ चा निर्णय

१९४७ च्या औद्योगिक तंटे कायद्याने बंधनकारक निवाड्याची सोय केली. पण मूळ प्रश्न तसाच होता. काढलेल्या कामगाराला परत घ्या, असे न्यायाधिकरण मालकाला सांगू शकते काय? या प्रश्नाचा निकाल मुंबईच्याच एका संस्थेच्या तंट्यात लागला. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आणि तिचे कामगार यांच्यातील तंटा मुंबई सरकारने न्यायाधिकरणाकडे सोपविला होता. त्यात कामावर परत घेण्याची मागणी होती. सेवेचा करार सक्तीने लादता येत नाही, या जुन्या तत्त्वावर असोसिएशनची भिस्त होती. फेडरल कोर्टाने १९४९ मध्ये तिचे अपील फेटाळले.

निकालाचा आशय असा, की औद्योगिक तंट्याच्या व्याख्येत ‘काम देणे वा न देणे’ याविषयीचा वाद स्पष्टपणे येतो. न्यायाधिकरण जुन्या कराराची अंमलबजावणी करीत बसत नाही, औद्योगिक शांततेसाठी ते पक्षांवर नवी बंधने घालू शकते. बडतर्फीवरून संप होत असतील, तर बडतर्फीवर उपाय करण्याचा अधिकार नसलेले न्यायाधिकरण काय कामाचे, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. १९२९ च्या संपात जे मागितले होते ते वीस वर्षांनी कायद्यात शक्य झाले. मराठी कामगार-इतिहासात या निर्णयाचा उल्लेख सहसा आढळत नाही. पुढाऱ्यांची चरित्रे आणि संपांच्या तारखा जेवढ्या आस्थेने नोंदल्या गेल्या, तेवढ्या आस्थेने ही नोंद व्हावयास हवी होती.

१९५३ च्या दुरुस्तीने कामगार कपातीवर अटी घातल्या. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी वेतन द्यावे, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी, शेवटी आलेला आधी जावा आणि पुन्हा भरती करताना कपात झालेल्यास अग्रक्रम मिळावा, असे ठरले. १९७६ मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कपात या शब्दाचा अर्थ व्यापक केला. तीत कोणत्याही कारणाने केलेली सेवासमाप्ती येते असे ठरल्याने, या अटी न पाळता कमी केलेला तात्पुरता कामगारही परत येऊ लागला. याची प्रतिक्रिया दोन प्रकारे उमटली. १९८४ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने मुदतबंद कराराचा शेवट या व्याख्येतून वगळला. कारखाने व कचेऱ्यांतून तर २४० दिवस भरण्यापूर्वीच ‘ब्रेक’ देण्याची प्रथा रुळली. कायद्याने कामगाराच्या रक्षणासाठी काढलेली रेघ मालकाने दिवस मोजण्यासाठी वापरली.

दार कोणी उघडावयाचे?

हक्क मिळाला तरी तो घेऊन न्यायालयात जाण्याचा मार्ग फार काळ कामगाराच्या हाती नव्हता. तंटा न्यायाधिकरणाकडे पाठवावा की नाही हे सरकार ठरवी. शिवाय एकट्या कामगाराचा वाद हा औद्योगिक तंटाच नव्हे, संघटनेने अथवा बऱ्याच सहकाऱ्यांनी तो उचलून धरला पाहिजे, ही भूमिका १९५७-५८ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून पक्की झाली. संघटना नसलेल्या किंवा संघटनेचा रोष ओढवून घेतलेल्या कामगाराला त्यामुळे कोठेच जागा राहिली नाही. १९६५ च्या दुरुस्तीने व्यक्तीच्या बडतर्फीचा वाद हा औद्योगिक तंटा समजावा असे ठरले. सरकारच्या निर्देशाची अट मात्र कायम राहिली. ती २०१० मध्ये शिथिल झाली, आणि समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून ४५ दिवस उलटल्यावर कामगाराला स्वतः कामगार न्यायालयात जाता येऊ लागले.

गिरणी कामगाराची स्थिती आणखी वेगळी होती. त्याला १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता आणि त्याखाली एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना मान्य होती. मुंबईच्या कापड उद्योगात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही होती. गुजरात स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीच्या प्रकरणात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की प्रातिनिधिक संघटना न्यायालयात हजर झाल्यावर कामगाराला स्वतंत्रपणे उभे राहता येत नाही, संघटना त्याच्या विरुद्ध भूमिका घेत असली तरीही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार ज्या संपात उतरले, त्यामागे बोनस व वेतनाइतकाच या एकाधिकाराविषयीचा संतापही होता. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या सुरू झाल्या तेव्हा कोणाला आत घ्यावयाचे हे मालकांनी ठरविले. कायद्याच्या दृष्टीने संप बेकायदेशीर होता, त्यामुळे बाहेर राहिलेल्यांची बाजू आधीच दुबळी झालेली, आणि त्यांची मान्यताप्राप्त संघटना संपाच्या विरोधात. पन्नाशीला टेकलेल्या विणकराने अशा वेळी कोणत्या न्यायालयात जावे, याचे समाधानकारक उत्तर तत्कालीन कायद्यात सापडत नाही.

न्यायालयाने आत डोकावावे किती?

घरगुती चौकशीत मालकाने दोषी ठरविलेल्या कामगाराविषयी न्यायाधिकरणाने कितपत हस्तक्षेप करावा, याची मर्यादा इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात १९५८ मध्ये आखली गेली. हेतू प्रामाणिक नसणे, सूडबुद्धी वा अनुचित प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा पुराव्याशी विसंगत निष्कर्ष, एवढ्याच कारणांसाठी हात घालावा. शिक्षा जड आहे एवढ्यावरून नव्हे. १५ डिसेंबर १९७१ पासून अमलात आलेल्या नव्या कलमाने ही मर्यादा ओलांडली व शिक्षा कमी करून कामगाराला परत घेण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. फायरस्टोन टायर कंपनीच्या प्रकरणात १९७३ मध्ये या कलमाचा अर्थ लावताना न्यायालयाने ते आधी पाठविलेल्या तंट्यांना लागू होणार नाही असे ठरविले. त्या दिवसापूर्वी ज्यांचा तंटा सोपविला गेला होता त्यांना केवळ तारखेमुळे हा लाभ नाकारला गेला.

महाराष्ट्राने केलेली खरी मौलिक भर म्हणजे १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. तो ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. सूडबुद्धीने, खोट्या आरोपावरून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून घाईघाईने, किंवा क्षुल्लक गैरवर्तनासाठी अवास्तव शिक्षा म्हणून काढणे या प्रत्येक प्रकाराला त्याने अनुचित प्रथा म्हणून नाव दिले. सरकारच्या निर्देशाची वाट न पाहता नव्वद दिवसांत कामगाराला स्वतः तक्रार करता आली आणि निकालापूर्वी अंतरिम आदेशही मागता आला. देशभरातील कामगाराला २०१० मध्ये जी वाट मिळाली, ती मर्यादित अर्थाने महाराष्ट्रात पस्तीस वर्षे आधी खुली होती. बदली, नैमित्तिक वा तात्पुरते कामगार कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तसेच ठेवणे हीदेखील या कायद्याने अनुचित प्रथा ठरविली. त्याच्या आधारे पुण्याच्या वन विभागातील मजुरांपासून राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या सफाई कामगारांपर्यंत अनेकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मिळाली. सफाई कामगारांचा निकाल तर २००९ चा, म्हणजे तात्पुरत्यांना कायम करण्याविरुद्ध घटनापीठाने २००६ मध्ये घेतलेल्या कडक भूमिकेनंतरचा आहे.

तथापि २००१ मध्ये कल्याणी स्टील्स व सिप्ला या प्रकरणांत निर्णय झाला, की मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर ते आधी दुसरीकडे सिद्ध करावे, या कायद्याखाली तक्रार चालणार नाही. ठेकेदारामार्फत काम करणारा कामगार अशा रीतीने बाहेर पडला. त्याच्या बाबतीत मालकाने फक्त ‘हा माझा माणूस नव्हे’ एवढेच म्हणावयाचे असते. जुन्या बदली कामगाराची ही नवी आवृत्तीच होय.

मागील वेतन आणि काळाचा प्रश्न

बेकायदेशीरपणे काढलेल्याला परत घेताना मधल्या काळाचे पूर्ण वेतन देणे हा सर्वसाधारण नियम असावा, असे हिंदुस्थान टिन वर्क्स प्रकरणात १९७८ मध्ये सांगितले गेले. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात न्यायालये त्यापासून दूर सरकली आणि नोकरीऐवजी ठोक रक्कम देण्याकडे कल वाढला. २०१३ मध्ये महाराष्ट्रातीलच एका अध्यापक विद्यालयातील शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या नियमाची पुन्हा आठवण करून दिली. खटला लांबला तो न्यायव्यवस्थेमुळे, त्याचा भुर्दंड काढल्या गेलेल्या माणसाने का सोसावा, हा त्यातील युक्तिवाद मान्य करावाच लागतो. मालक वरच्या न्यायालयात गेला असता तोपर्यंत कामगाराला शेवटचे वेतन देत राहण्याची तरतूद १९८४ पासून होती, पण ती कामगाराच्या बाजूने पहिला निकाल लागल्यानंतरची. त्या निकालापर्यंतची वर्षे त्याने कशी काढावयाची याविषयी कायदा मौन बाळगून होता.

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली व तिने १९४७ चा औद्योगिक तंटे कायदा आणि १९४६ चा स्थायी आदेश कायदा यांची जागा घेतली. एक महिन्याची नोटीस आणि पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई या अटी तिच्यात आहेत. व्यक्तीच्या बडतर्फीचा वाद औद्योगिक तंटा मानण्याचे तत्त्वही कायम आहे. मात्र न्यायाधिकरणाकडे जाण्याची तीन वर्षांची मुदत दोन वर्षांवर आली आहे. मुदतबंद नोकरीला संहितेने उघड मान्यता दिली असून तिची मुदत संपणे ही कपात ठरत नाही. कपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली आहे. स्थायी आदेशांची तरतूदही आता तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू आहे, आणि महाराष्ट्रात तर पूर्वी पन्नास कामगारांच्या कारखान्यालाही स्थायी आदेश लागू होत असत. पन्नास ते तीनशे यांच्या दरम्यानच्या कारखान्यांत गैरवर्तन कशाला म्हणावयाचे, आरोपपत्र केव्हा द्यावयाचे आणि चौकशी कोणी करावयाची, हे लिहून ठेवण्याचे बंधन संहितेने मालकावर ठेवलेले नाही.